आबा ‘प्रेस’मध्ये होते: खामगावातल्या एका इंग्रजी शब्दाची गोष्ट

प्रत्येक भागाच्या शेवटी मी एक वाक्य बोलतो, आता ते तुम्हालाही पाठ झालंय. ‘आणि ते घंटीचं चिन्ह प्रेस करायला विसरू नका.’ मागच्या आठवड्यात एका श्रोत्याने मेसेज पाठवला, ‘दादा, सरळ दाबा म्हणा ना. प्रेस कशाला?’ मुद्दा बरोबर आहे. मी उत्तर टाइप करायला घेतलं आणि मग ते तसंच सोडून दिलं. कारण या शब्दाशी माझा एक जुना हिशोब आहे आणि तो मेसेजमध्ये मावणारा नाही. म्हणून आजचा भाग त्यावरच.

मी मूळचा खामगावचा. बुलढाणा जिल्हा, वऱ्हाड. बारावीनंतर पत्रकारिता शिकायला पुण्याला आलो. पहिल्याच आठवड्यात वर्गात ओळखपाळख चालली होती, कोणाच्या घरी कोण काय करतं वगैरे. मी उभा राहून म्हणालो, ‘आमचे आबा प्रेसमध्ये होते.’ सरांचा चेहरा खुलला. ‘अरे वा! कोणत्या पेपरात?’

आता काय सांगणार? आबा पेपरात नव्हते. आबांना पेपर वाचताही येत नव्हता. आबा होते कापसाच्या प्रेसमध्ये. रुईच्या गाठी बांधायच्या तिथे. पण तोपर्यंत अठरा वर्षांच्या आयुष्यात मला कधी वाटलंच नव्हतं की ‘प्रेसमध्ये होते’ याचा दुसरा काही अर्थ निघू शकतो. आमच्याकडे प्रेस म्हणजे गाठीची प्रेस. छापायची जागा असेल तर तिला छापखाना म्हणायचं. वर्ग हसला, सरही हसले, मीही हसलो. घरी फोन केला तेव्हा आजीला सांगितलं. ती म्हणाली, ‘पेपरात कायचा बापा, पिरेसात होता तुहा आबा. अन् मी जिनात.’

या दोन शब्दांत आमच्या गावाचा दीडशे वर्षांचा इतिहास आहे. जीन आणि प्रेस. दोन्ही इंग्रजी, आणि आजीच्या तोंडी दोन्ही इतके मुरलेले की तिला ते परके आहेत हे सांगितलं तर ती मलाच वेड्यात काढेल.

आधी पटकन जीन. हा शब्द ‘एंजिन’चं शेपूट आहे. पुढचा ‘एं’ गळाला आणि ‘जिन’ राहिलं. कापसातली सरकी वेगळी काढून रुई मोकळी करायचं यंत्र, एवढाच अर्थ. अमेरिकेतल्या एली व्हिटनीचं जिन १७९३ चं, ते दातेरी. आपल्याकडे जास्त चालली ती रुळांची, डबल रोलर म्हणतात ती. त्याआधी हे काम घरोघरी बायका हातचरकीवर करायच्या. तर आधी जिनात कापसाची रुई व्हायची आणि मग ती रुई प्रेसमध्ये जायची. म्हणून कंपाउंड एकच असतं, पाटी एकच असते, ‘जिनिंग अँड प्रेसिंग फॅक्टरी’.

पण रुई दाबायची तरी कशाला? हा प्रश्न मला लहानपणी पडायचा. उत्तर सोपं आहे. रुई म्हणजे निम्मी हवा. मोकळी रुई रेल्वेच्या डब्यात भरली तर डबा भरतो पण वजन काहीच भरत नाही, म्हणजे भाडं हवेचं द्यायचं. जहाजावर तर जागेचाच हिशोब. म्हणून रुई इतकी दाबायची की ती लाकडासारखी घट्ट होते, मग तिच्यावर लोखंडी पट्ट्या आवळायच्या. इंग्रजी काळात एक गाठ ३९२ पौंडांची धरायचे, म्हणजे साधारण १७८ किलो. आज हिशोब १७० किलोच्या गाठीवर चालतो. आबा पट्ट्या आवळायचे. त्यांच्या हाताला जे घट्टे होते तसे मी नंतर कुणाच्या हाताला पाहिले नाहीत.

रेल्वे यायच्या आधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर थेट गंगेकाठी मिर्झापूरपर्यंत जायचा. शेकडो मैल. वाटेत धूळ, पाऊस, आणि पोत्यातला कापूस खाणारे बैल. मग दोन-तीन गोष्टी लागोपाठ झाल्या. १८५३ मध्ये निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि सगळ्यांच्या नजरा इकडे वळल्या. १८६७ पर्यंत जीआयपी रेल्वेची लाइन भुसावळवरून वऱ्हाडातून नागपूरला पोचली. ही मुख्य लाइन आमच्या गावाला मात्र वगळून गेली. मग १८७० मध्ये जलंब ते खामगाव अशी आठ मैलांची फांदी टाकली, केवळ कापसासाठी. तिच्या उद्घाटनाला कोण आलं होतं, तर खुद्द व्हाइसरॉय, लॉर्ड मेयो. आठ मैलांच्या लाइनला हिंदुस्थानचा व्हाइसरॉय! आजही जलंबला उतरून खामगावची गाडी धरताना मला हे आठवतं आणि हसू येतं.

पण त्यांचं गणित पक्कं होतं. इम्पीरियल गॅझेटिअर सांगतं की १८७० मध्ये खामगावचा कापूस बाजार सगळ्या वऱ्हाडात मोठा होता, वर्षाला सरासरी एक लाखाच्या वर बैलांचं ओझं इथे उतरायचं. १९०१ च्या खानेसुमारीत गावाची लोकसंख्या होती १८,३४१. म्हणजे माणसांपेक्षा कापसाचे बैल कितीतरी पटीने जास्त. रेल्वेबरोबर तार आली. लिव्हरपूलचा भाव आता खामगावच्या पेढीवर पोचायला लागला. आणि वाफेवर चालणारे जीन आणि प्रेस बसले. गावातली पहिली मोठी चिमणी कापसाची, पहिला भोंगा कापसाचा, आणि लोकांच्या तोंडात बसलेल्या पहिल्या काही इंग्रजी शब्दांपैकी एक, प्रेस.

तर आमच्याकडे हा शब्द पेपरातून आला नाही, तो गाठीतून आला.

आता जरा शब्दाच्याच मागे जाऊया, कारण गंमत पुढे आहे. मूळ लॅटिन क्रियापद ‘प्रेमेरे’. अर्थ दाबणे. (आपल्या प्रेमाशी त्याचा काडीचा संबंध नाही, उगाच स्टेटस टाकू नका.) फ्रेंचमधून ते इंग्रजीत आलं तेव्हा सुरुवातीला त्याचा एक अर्थ होता गर्दी, रेटारेटी. मग दाबायचं यंत्र. द्राक्षं दाबून रस काढायचा तो प्रेस, ओला कागद दाबायचा तो प्रेस. साधारण १४५० च्या सुमाराला जर्मनीत माइन्झ गावी गुटेनबर्गने खिळे जुळवून छापायचं तंत्र बसवलं तेव्हा त्याने यंत्र कुठलं घेतलं? हेच, स्क्रू फिरवून दाबायचं. खिळ्यांना शाई, वर कागद, वरून दाब. म्हणून छापायच्या यंत्राचं नाव प्रेस. मग यंत्र ठेवलेल्या जागेचं नाव प्रेस. मग तिथे छापलेल्या वर्तमानपत्रांचं मिळून नाव प्रेस. मग वर्तमानपत्रात लिहिणाऱ्या माणसांचं नाव प्रेस. आणि आता तर हातात कॅमेरा धरलेला पोरगा कुठलाही कागद न दाबता ‘आम्ही प्रेसवाले’ म्हणतो. शब्द एक-एक पायरी सरकत गेला आणि दाबणं मागे राहिलं.

याच घराण्यातले बाकीचे मेंबर तुम्ही रोज वापरता. प्रेशर, कुकरमधलं आणि बीपीमधलं. इम्प्रेशन, म्हणजे दाबून उमटलेला ठसा. एक्सप्रेस. एस्प्रेसो कॉफी, दाबाखाली काढलेली. आणि डिप्रेशन. हा तर आमच्या भागात तीन-तीन अर्थांनी येतो. हवामान खात्याचं डिप्रेशन, ज्याला आपण कमी दाबाचा पट्टा म्हणतो, आणि जून उलटून गेला तरी बंगालच्या उपसागरात तो तयार होत नाही म्हणून शेतकरी आभाळाकडे बघत बसतो. बाजाराचं डिप्रेशन, १९२९ नंतरच्या मंदीसारखं, ज्यात कापसाचा भाव कोसळला. आणि माणसाचं डिप्रेशन. ज्या जिल्ह्याचं नाव २००६ मध्ये पंतप्रधानांच्या विदर्भ पॅकेजच्या सहा जिल्ह्यांत आलं, त्या जिल्ह्यात हे तीन अर्थ एकमेकांपासून फार लांब नाहीत. यावर वेगळा भाग करावा लागेल, आज नाही.

गाव बदललं की प्रेसचा अर्थ बदलतो हेही मला उशिरा कळलं. नाशिकरोडला ‘प्रेसमध्ये आहे’ म्हटलं की समोरचा लगेच सावरून बसतो, कारण तिथली प्रेस म्हणजे नोटा आणि स्टँप छापायची सरकारी प्रेस, १९२० च्या दशकापासूनची, आणि तिथली नोकरी म्हणजे सोनं. आमच्या विदर्भात ‘कपडे प्रेस करून आण’ म्हणजे इस्त्री. आणि इस्त्री तरी कुठे आपली! ती पोर्तुगीजांकडून आली असं मानतात. म्हणजे शर्टाच्या घडीसाठीही आपण दोन परक्यांमधून एकाची निवड करतो.

आता मूळ मुद्दा. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात ‘प्रेस लॉ’ नावाचा विषय असतो. मी तो रट्टा मारून पास झालो. पण नंतर एकदा सहज, आबांच्या प्रेसला कुठले कायदे लागत होते ते शोधायला बसलो आणि दोन्ही प्रेसचे कायदे एका कागदावर तारखेनुसार लिहून काढले. ते बघून मी बराच वेळ गप्प बसलो.

१८७८ पासून सुरू करूया. लॉर्ड लिटनने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांसाठी कायदा आणला, व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट. तो १४ मार्च १८७८ रोजी एकाच बैठकीत मंजूर झाला. एका दिवसात! त्यात मॅजिस्ट्रेटला अधिकार होता की छापखान्याच्या मालकाकडून जातमुचलका घ्यायचा, अनामत घ्यायची, आणि मजकूर आवडला नाही तर छपाईचं यंत्र उचलून न्यायचं. कोर्टात अपील नाही. इंग्रजी पत्रांना यातून सूट. म्हणून कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’ने रातोरात बंगालीचं इंग्रजी केलं आणि कायद्याच्या हातातून निसटली. नीट बघा, हा कायदा लेखकापेक्षा यंत्राला धरतो. दाबायचं यंत्र ज्याच्या ताब्यात, त्याची मान आधी.

आणि कापसाची प्रेस? तिच्यासाठी पहिला फॅक्टरी कायदा आला १८८१ मध्ये. तो लागू कोणाला, तर जिथे शंभर किंवा जास्त कामगार आहेत आणि जो कारखाना वर्षात चार महिन्यांहून जास्त चालतो. आता जीन-प्रेसचा सीझन किती असतो हे वऱ्हाडातल्या कुठल्याही पोराला विचारा. दिवाळीच्या आसपास कापूस यायला लागतो, होळीपर्यंत जोर ओसरतो. चार महिन्यांची अट घातली की जीनही सुटले आणि प्रेसही सुटली. शिवाय वऱ्हाड कागदोपत्री अजून निजामाचाच, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे आपोआप लागायचे नाहीत, वेगळा हुकूम काढून लावावे लागायचे.

या सुटीचा अर्थ काय होता ते १८८४-८५ च्या मुंबईच्या फॅक्टरी कमिशनसमोर उघड झालं. शेजारच्या खानदेशातल्या जीन-प्रेसबद्दल साक्षी झाल्या. पहाटे चार-पाचला सुरू झालेलं काम रात्री नऊ-दहाला संपायचं. कामाला बहुतेक बायका. सीझनचा जोर असेल तेव्हा दिवसरात्र सलग काम, माणसं पार थकून उभी राहीनाशी होईपर्यंत. हे कारखान्यांशी संबंध असलेल्या लोकांनीच सांगितलं होतं. खानदेश आणि खामगाव यांच्यात कापूस तोच, यंत्रं तीच, सीझन तोच.

पुढे १८९१ च्या कायद्याने बायकांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली. पण सीझनवर चालणारे कारखाने नीट कायद्याच्या कक्षेत यायला १९११ उजाडलं. आणि त्या १९११ च्या कायद्यात काय आहे? बायकांना रात्रपाळी बंद, फक्त कापसाचे जिनिंग-प्रेसिंग कारखाने सोडून. मी हे वाक्य तीनदा वाचलं. सगळ्या देशातल्या कारखान्यांत बाईला रात्री कामावर ठेवायचं नाही, पण आमच्या जिनात चालेल.

म्हणजे एका प्रेसला आवळायला एक दिवस पुरला. दुसऱ्या प्रेसमध्ये दबलेल्या माणसांकडे बघायला तीस वर्षं लागली, आणि तेव्हाही अर्धवटच बघितलं.

आजी जिनात होती तेव्हा हे सगळं जुनं झालं होतं, स्वातंत्र्य मिळालं होतं, १९४८ चा फॅक्टरी ॲक्ट आला होता. तिने रात्रपाळी केली नाही. पण रुईचा बारीक धुरळा कायद्याला विचारून उडत नाही. तोंडाला लुगड्याचा पदर बांधून ती काम करायची. म्हातारपणी तिला जो खोकला लागला तो थंडीत सुरू व्हायचा आणि उन्हाळा लागेपर्यंत राहायचा. एका डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, ‘आजी, विडी ओढत होता का?’ ती इतकी चिडली होती की औषध न घेताच घरी आली. कापसाच्या धुळीने होणाऱ्या या फुप्फुसाच्या आजाराला वैद्यकात नाव आहे, बिसिनोसिस. आमच्या घरात त्याला फक्त ‘आजीचा खोकला’ म्हणत.

थांबा, पण छापखान्याची प्रेस म्हणजे नायक आणि कापसाची प्रेस म्हणजे बिचारी, इतकं सरळ नाहीये. तुम्हाला वाटेल पेपरवाले कामगारांच्या बाजूने धावून आले असतील. १८८१ आठवा. त्याच वर्षी ४ जानेवारीला ‘केसरी’ सुरू झाला आणि त्याच वर्षी तो फॅक्टरी कायदा झाला. त्या काळातल्या बहुतेक राष्ट्रवादी पत्रांनी फॅक्टरी कायद्यांना विरोधच केला, त्यात पुण्याची पत्रंही होती. त्यांचं म्हणणं असं की हे कामगारांचं प्रेम वगैरे काही नाही, लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा नको आहे, म्हणून हा डाव. त्यात तथ्य होतंच. लँकेशायर खरोखरच त्यासाठी दबाव आणत होतं. पण म्हणून सतरा तास उभ्या राहणाऱ्या बाईचे पाय कमी दुखत नाहीत. मला टिळकांबद्दल आदर आहे आणि तरीही हे पान उलटून पुढे जाता येत नाही.

मग कामगारांच्या बाजूने कोणती प्रेस होती? होती एक. ‘दीनबंधु’. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात काढलेलं सत्यशोधकांचं पत्र. ते पुढे १८८० पासून मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी चालवलं. लोखंडे हे माझे या गोष्टीतले सगळ्यात आवडते. एका हातात छापखान्याची प्रेस, दुसऱ्या हातात कामगारांची संघटना. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केलं, साडेपाच हजार सह्या-अंगठ्यांचं निवेदन त्याच फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं. मागण्या काय? रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास जेवायला, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार वेळेवर, अपघात झाला तर भरपाई. १० जून १८९० ला मुंबईच्या गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज तुम्ही रविवारी सकाळी लोळत हा भाग ऐकत असाल तर त्या लोळण्याला एक इतिहास आहे.

आणि सत्यशोधकांचा धागा आमच्या बुलढाण्यापर्यंतही येतो बरं का. महात्मा फुल्यांचं मराठीतलं सुरुवातीचं चरित्र पंढरीनाथ सीताराम पाटलांनी लिहिलं आणि १९२७ मध्ये ते चिखलीहून प्रसिद्ध झालं. पुण्या-मुंबईहून नाही, बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीहून. मला शाळेत हे कोणी सांगितलं नव्हतं.

दोन्ही प्रेस समोरासमोर आल्या त्या १९०८ मध्ये. जूनमध्ये सरकारने आणखी एक कायदा केला, भडकाऊ मजकूर छापला तर छापखानाच जप्त. त्याच महिन्यात ‘केसरी’तल्या लेखांवरून टिळकांना अटक झाली, २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा. आमच्या बाजूला नागपूरच्या ‘देशसेवक’चे अच्युत बळवंत कोल्हटकर त्याच वर्षी पकडले गेले. आणि मग २३ जुलैपासून मुंबईत गिरणी कामगारांनी काम बंद केलं. सहा वर्षांसाठी सहा दिवस. रस्त्यांवर लष्कर आलं, गोळीबार झाला, माणसं मेली. ज्या गिरण्या बंद पडल्या त्यांच्या गोदामांत गाठी कुठल्या होत्या? खानदेशच्या, वऱ्हाडच्या. त्यातली एखादी खामगावच्या प्रेसमध्ये आवळलेली असणारच. कापूस दाबणाऱ्या हातांचे भाऊबंद एका छापणाऱ्यासाठी रस्त्यावर आले, त्या छापणाऱ्याच्या पत्राने त्यांच्यासाठी कायदा नको म्हटलं होतं तरी.

पुढे १९१० चा प्रेस ॲक्ट. नवा छापखाना काढायचा तर आधी पाचशे ते दोन हजार रुपये सरकारकडे ठेवा. त्या काळचे दोन हजार. तो १९२२ मध्ये रद्द झाला.

शेवटचा तुकडा मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो आबांपर्यंत येतो.

१८६७ चा एक कायदा होता, प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स ॲक्ट. छापलेल्या प्रत्येक कागदावर मुद्रकाचं नाव आणि छापल्याचं ठिकाण असलंच पाहिजे, हा त्याचा मूळ नियम. पेपरच्या शेवटच्या पानावर अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरात ‘मालक, मुद्रक, प्रकाशक अमुक यांनी तमुक ठिकाणी छापून’ असं जे असतं ना, जे कोणीच वाचत नाही, ते याचंच. ‘पी. आर. बी. कायद्यानुसार जबाबदारी’ हेही त्याच कायद्याचं. तो दीडशे वर्षांहून जास्त टिकला. २०२३ मध्ये नवा कायदा झाला आणि १ मार्च २०२४ पासून लागू झाला. कशासाठी होता? मजकुरात काही गडबड निघाली तर तो कोणत्या यंत्रातून निघाला हे सापडावं म्हणून.

आता १९२५. कॉटन जिनिंग अँड प्रेसिंग फॅक्टरीज ॲक्ट. कापसात पाणी मारणं, सरकी-कचरा मिसळणं, लांब धाग्याच्या रुईत आखूड धाग्याची रुई घालणं हे धंद्यातले जुने उद्योग. मुंबई सरकारने १८६३ मध्येच भेसळीविरुद्ध कायदा केला होता. (कापसाच्या शुद्धतेची काळजी १८६३ पासून, कामगाराची १८८१ पासून, तीही सीझन सोडून. पुढे चला.) तर १९२५ चा नियम असा की प्रेसमधून निघणाऱ्या प्रत्येक गाठीवर त्या प्रेसला नेमून दिलेली खूण आणि गाठीचा अनुक्रमांक टाकलाच पाहिजे. का? गाठीत काही गडबड निघाली तर ती कोणत्या प्रेसमधून निघाली हे सापडावं म्हणून.

म्हणजे पेपरच्या तळाची ती ओळ आणि गाठीवरची ती खूण, नियम दोन्हीकडे एकच. जे दाबून काढाल त्यावर आपली निशाणी ठेवा.

आबा पट्ट्या आवळायचे हे मी आधी सांगितलं. पण शेवटची काही वर्षं त्यांची कंबर गेली तेव्हा त्यांना हलकं काम दिलं होतं. ते कोणतं, हे मला पत्रकारितेची डिग्री घेऊन घरी गेलो तेव्हा पहिल्यांदा आजीने सांगितलं. तोपर्यंत आबा जाऊन चार वर्षं झाली होती. गाठीवर पत्र्याचा छाटलेला साचा धरायचा आणि वरून काळा रंग मारायचा. प्रेसची खूण, लॉट नंबर, गाठ नंबर. अक्षरं इंग्रजी. आबांना ती वाचता येत नव्हती. पण साचा उलटा धरला तर ओळखू यायचा म्हणे, एकही गाठ कधी उलटी छापली नाही. आजीने तो पत्रा जपून ठेवला होता. माळ्यावर, हातपाय मोडलेल्या पाळण्याच्या मागे.

मी तो खाली काढला. काळ्या रंगाचे थर चढून चढून अक्षरांची भोकं निम्मी बुजली होती. उन्हात धरून मी ती एकेक वाचायला लागलो. आजी बाजूला बसून कांदे सोलत होती. म्हणाली, ‘काय लिवलं हाय रे त्याच्यावर? तुहा आबा मले कधी सांगू शकला नाही.’

मी वाचून दाखवलं. प्रेसचं नाव, आणि खाली ‘खामगाव’.